झेंडा सगळ्यात शेवटी लागतो

एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला आहे, तो थोडक्यात असा: "सर, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीमेवर तणाव वाढला की आमच्या टेलिग्राम ग्रुपवर पाकिस्तानी साइट पाडायचे मेसेज फिरायला लागतात. मित्रांनी एक ॲपसुद्धा टाकलंय, बटण दाबलं की 'हल्ला' सुरू होतो म्हणे. यानं खरंच काही होतं का? हे हॅकर असतात कोण, त्यांच्यामागे सरकार असतं का? आणि ही देशसेवा धरायची की गुन्हा?"

मी वीस-बावीस वर्षं या खेळाच्या दुसऱ्या टोकाला आहे. साइट पडली की ज्यांना रात्री उठवतात, त्यांच्यातला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी देऊन टाकतो. गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणं किंवा तो बंद पाडणं याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'संगणक शत्रूचा असेल तर माफ' असं पोटकलम त्यात मला आजवर सापडलेलं नाही.

बाकीच्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी १५ ऑगस्टच्या सकाळी, झेंडावंदनाच्याही आधी, एका शिक्षणसंस्थेतून फोन आला. साइट उघडली की काळा पडदा, वर हिरवा झेंडा, मागे कर्कश गाणं आणि खाली दहा-बारा टोपणनावं. संस्थेचे सचिव हादरले होते. "आम्हीच का? आमचं त्यांच्याशी वैर काय?" हे एकच वाक्य त्यांनी मला चारदा ऐकवलं. दिल्लीला कळवायचं का, इथपर्यंत चर्चा गेली होती.

मी लॉग उघडून बसलो. लॉग म्हणजे सर्व्हरची हजेरीवही. कोण आलं, किती वाजता आलं, काय मागितलं, सगळं ओळीनं लिहिलेलं. फोटो ठेवायच्या फोल्डरमध्ये एक पीएचपी फाइल निघाली. स्नेहसंमेलनाच्या फोटोंमध्ये प्रोग्रॅमचं काही काम नसतं. अशा फाइलीला आम्ही 'शेल' म्हणतो. ती एकदा आत बसली की बाहेरून ब्राउझरमधूनच सर्व्हरला हवे ते हुकूम सोडता येतात. तिच्यावरची तारीख होती १९ जुलै. झेंडा लागला त्याच्या जवळजवळ चार आठवडे आधीची.

त्या १९ जुलैवाल्याला काश्मीरशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं पानांच्या तळाशी जुगाराच्या साइटच्या न दिसणाऱ्या लिंका पेरल्या आणि तो गेला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच भोकातून दुसरा कुणी शिरला आणि स्वतःचा वेगळा शेल ठेवून गेला. झेंडेवाला तिसरा. १४ तारखेच्या रात्री आला, एक फाइल चढवली, मुख्य पान बदललं आणि निघून गेला. त्याच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक मिनिटही झालं नव्हतं. त्याच सर्व्हरवर जागा भाड्यानं घेतलेला एक दवाखाना होता, एक वकील होते, कुणाची तरी प्रवासवर्णनांची साइट होती. त्या तिन्हींवर त्याच मिनिटात तीच फाइल.

म्हणजे सचिवांच्या प्रश्नाचं उत्तर असं होतं की तुम्हाला कुणी निवडलंच नव्हतं. फोटो चढवायच्या एका प्लगइनची, म्हणजे साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, तुमची आवृत्ती दोन वर्षं जुनी होती. ती आवृत्ती वापरणाऱ्या आणि पत्त्याच्या शेवटी 'डॉट इन' असणाऱ्या साइट सर्च इंजिनात शोधल्या की यादी मिळते, आणि त्या यादीत तुम्ही होतात. आधी भोक सापडतं, मग त्या घराचा देश बघतात आणि झेंडा सगळ्यात शेवटी लावतात. आपल्याकडची पोरं 'डॉट पीके'वर तिरंगा लावतात तेव्हाही घडतं ते हेच. तिकडच्या कुठल्यातरी शाळेचा सचिव त्या सकाळी असाच चार वेळा तेच विचारत असणार. अशा बदललेल्या पानांची नोंद ठेवणारी संग्रहस्थळंही आहेत. झोन-एच हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. टोपणनावापुढे आकडा वाढत जातो आणि पुष्कळांना हवा असतो तो आकडाच. १४-१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे त्यांच्या हंगामाचे दिवस.

हे एक सूत्र ध्यानात ठेवलंस तर जगभरातली उदाहरणं आपोआप जागेवर बसतात. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि जूनमध्ये 'मिलवर्म' नावाचं टोळकं भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरून ईमेल घेऊन गेलं. पोरं अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, न्यूझीलंडमधली, बहुतेक तुझ्याहून लहान. १ एप्रिल २००१ ला हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान एकमेकांवर आदळलं, चिनी वैमानिकाचा जीव गेला, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांच्या साइट रंगवून काढल्या. (चिनी गट स्वतःला 'होंगके' म्हणवत, म्हणजे लाल पाहुणे. हॅकर या शब्दाचं चिनी रूप 'हेइके', काळा पाहुणा, त्यावरची ही कोटी. मला ती आवडते.) २०१० च्या नोव्हेंबरअखेर 'इंडियन सायबर आर्मी' असं नाव लावणाऱ्यांनी पाकिस्तानी साइट फोडल्या आणि डिसेंबरच्या सुरुवातीला 'पाकिस्तान सायबर आर्मी'नं थेट सीबीआयची साइट बदलली. सीबीआयच्या साइटवर गुन्ह्यांच्या तपासाच्या फायली नसतात, ती जाहीर माहितीची पाटी असते. पण बातमीत 'सीबीआय हॅक' हे दोनच शब्द येतात आणि हल्ला करणाऱ्याला तेवढेच हवे असतात.

भोक आधी, शत्रू नंतर, याचा सगळ्यात विचित्र नमुना २०२३ चा. ऑक्टोबरमध्ये गाझाचं युद्ध पेटलं. स्वतःला 'सायबर ॲव्हेंजर्स' म्हणवणाऱ्या गटानं जाहीर केलं की इस्रायली बनावटीचं प्रत्येक उपकरण हे आमचं लक्ष्य. नोव्हेंबरअखेर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, ॲलिक्विपा नावाच्या गावी, पाण्याचा दाब वाढवणाऱ्या केंद्रातला युनिट्रॉनिक्स कंपनीचा कंट्रोलर त्यांनी ताब्यात घेतला. ही उपकरणं इंटरनेटला उघडी जोडलेली सापडत होती आणि कारखान्यातून येताना त्यांचा पासवर्ड असायचा १-१-१-१. कर्मचाऱ्यांनी यंत्रणा हातानं चालवायला घेतली, पाणी थांबलं नाही. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या १८० घरांचं नशीब तितकं बरं नव्हतं. त्याच सुमारास तिथल्या छोट्या पाणीयोजनेतलं इस्रायली बनावटीचं उपकरण असंच हॅक झालं आणि दोन दिवस नळ कोरडे राहिले. त्या घरांचा गाझाशी संबंध काय, तर पंपावरचं एक लेबल. अमेरिकेच्या म्हणण्याप्रमाणे हा गट इराणच्या क्रांतिरक्षक दलाशी जोडलेला आहे, म्हणजे ही हौशी पोरं नव्हेत. तरीही निवडीची रीत तीच.

आता तुझ्या मित्रांचं ॲप. बटण दाबल्यावर फोन एका पत्त्यावर मागणीमागून मागणी पाठवत राहतो. हजारो फोनांनी एकदम तेच केलं तर दुबळा सर्व्हर गुदमरतो, याला डीडॉस म्हणतात. मोठ्या साइटपुढे आता कंटेंट नेटवर्कच्या, म्हणजे गर्दी आधी स्वतःवर झेलणाऱ्या सर्व्हरांच्या, भिंती असतात, त्यांना तुमच्या दोनशे फोनांचं ओझं मोजावंसुद्धा वाटत नाही. साइट खरोखर पाडण्याचं काम बॉटनेट करतं, म्हणजे मालकाला पत्ता नसताना राबणारे हजारो घरगुती राउटर, कॅमेरे, संगणक. ते भाड्यानं मिळतं, तासावर. स्वयंसेवकांची फौज बहुतेक वेळा दाखवण्यापुरती असते. एस्टोनियाचं उदाहरण बघ. एप्रिल २००७ च्या शेवटी राजधानी टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा हलवला, रशियन बाजू चिडली आणि जवळजवळ तीन आठवडे तिथली सरकारी खाती, बँका, वृत्तपत्रं डीडॉसखाली होती. एवढ्या मोठ्या प्रकरणात एस्टोनियात शिक्षा झाली ती एकाला, विशीतल्या एका विद्यार्थ्याला, १७,५०० क्रून दंड. तो देशातच होता म्हणून सापडला. बॉटनेट चालवणारे सापडले नाहीत. तुझ्या मित्रांनी हे दोनदा वाचावं. फोनवरून जाणाऱ्या प्रत्येक मागणीबरोबर तुमचा आयपी पत्ता जातो आणि तो कुणाच्या सिमकार्डाचा हे मोबाइल कंपनीला ठाऊक असतं.

'पाडली' म्हणून ग्रुपवर जो स्क्रीनशॉट फिरतो त्याची एक गंमत आहे. जगातल्या दहा-पंधरा शहरांतून साइट उघडते का हे तपासणाऱ्या सेवा आहेत. सगळीकडे लाल दिसलं की विजय जाहीर. पण हल्ला सुरू झाला की आमच्यासारखे लोक पहिलं काम करतात ते परदेशातून येणारी वाट बंद करण्याचं. मे २०२५ मध्ये बीएसई आणि एनएसई या शेअर बाजारांनीही काही काळ परदेशातून साइट उघडायला मर्यादा घातली होती. देशातल्या माणसाला साइट व्यवस्थित दिसते, बाहेरच्या तपासणीत मात्र सगळं लाल. अशा 'पडलेल्या' साइटवर मी निवांत काम केलेलं आहे. 'डेटा उडवला' या दाव्याचंही तसंच. नमुन्यादाखल टाकलेल्या ओळी उघडल्या की पुष्कळदा त्या तीन-चार वर्षांपूर्वीच फुटलेल्या जुन्या यादीतल्या निघतात, फाइलीचं नाव तेवढं नवीन.

पहलगामनंतरच्या त्या तीन आठवड्यांत तर दाव्यांचा पूर आला. भारताची ७० टक्के वीजयंत्रणा सायबर हल्ल्यानं बंद पडली असा मेसेज मे महिन्यात फिरत होता. सरकारच्या माहिती कार्यालयानं, पीआयबीनं, तो खोटा म्हणून जाहीर केला, आणि ज्यानं तो वाचला त्याच्या डोक्यावर पंखा फिरतच होता. महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर यंत्रणेच्या अहवालात त्या काळातले १५ लाखांहून जास्त हल्ले मोजले होते आणि त्यातले १५० यशस्वी. बातम्या पंधरा लाखांवर रंगल्या. मला विचारशील तर तो आकडा मी फारसा मनावर घेत नाही. साइटचं दार कुणी नुसतं ढकलून पाहिलं तरी यंत्र त्याची नोंद करतं, आणि तशी ढकलाढकली शांततेच्या काळातही चोवीस तास चालू असते. अर्थ आहे तो १५० ला. त्यात नाव आलं कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या साइटचं, तर मुंबई विमानतळाचा आणि निवडणूक आयोगाचा डेटा चोरल्याचे दावे खोटे ठरले. पुन्हा तेच, कुलूप जिथे कच्चं तिथे झेंडा.

घाईनं आपणही फसतो. ६ एप्रिल २०१८ ला संरक्षण मंत्रालयाच्या साइटवर एक चिनी अक्षर झळकलं. तासाभरात 'चीननं हॅक केलं' हे सगळीकडे झालं, संरक्षणमंत्र्यांनाही ट्वीट करावं लागलं. ते अक्षर होतं 'झेन' या शब्दाचं. साइट तेव्हा ड्रुपल या साइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर चालायची, ड्रुपलच्या 'झेन' नावाच्या थीमचं ते मूळ बोधचिन्ह, आणि हार्डवेअरच्या बिघाडात नेहमीचं पान न उघडल्यानं ते दिसायला लागलं होतं. हल्ला नव्हताच. ज्यांनी ती थीम कधी वापरली होती त्यांना दोन मिनिटांत उलगडा झाला, बाकी देश संध्याकाळभर चीनशी लढत होता.

पाठीशी सरकार असतं का, या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही एकाच वेळी खरी असतात. बहुतेक पोरांच्या मागे कुणी नसतं. ती आपापल्या हौसेनं आणि आकड्यासाठी करतात, आणि सरकार बघून न बघितल्यासारखं करतं. काही ठिकाणी सरकार उघड पुढे येतं. २६ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचे तेव्हाचे डिजिटल मंत्री मिखाइलो फेदोरोव्ह यांनी 'आयटी आर्मी'ची घोषणा केली आणि टेलिग्रामवर रशियन लक्ष्यांची यादीच टाकली. देशावर रणगाडे चालून आलेले असताना घेतलेला तो निर्णय होता, त्याला मी इथे बसून नावं ठेवणार नाही. पण पुढच्याच वर्षी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीतल्या तज्ज्ञांना युद्धात उतरणाऱ्या नागरी हॅकरांसाठी आठ नियम लिहावे लागले. रुग्णालयाला हात लावू नका, हे सांगावं लागलं. आणि लढाईत थेट हात घालणारा नागरिक त्या वेळेपुरतं नागरिकाचं संरक्षण गमावू शकतो, हेही.

तिसरा प्रकार मुखवट्याचा, आणि आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त डोकं त्यानंच खाल्लंय. एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्या टीव्ही-फाइव्ह मोंद वाहिनीचं प्रक्षेपण बंद पडलं. 'सायबर कॅलिफेट'नं जबाबदारी घेतली, पानापानावर इस्लामिक स्टेटच्या घोषणा. तपास पुढे सरकला तसं बोट वळलं ते एपीटी-२८ कडे, म्हणजे रशियन लष्करी गुप्तचरांशी जोडल्या जाणाऱ्या गटाकडे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल बाहेर काढणारा 'गुसिफर २.०' आपण एकटा रुमानियन हॅकर असल्याचं सांगत होता. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेनं त्या प्रकरणात आरोप ठेवले रशियाच्या १२ लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांवर. असा मुखवटा चालतो का, तर खरोखरची हौशी पोरं आजूबाजूला हजारांनी असतात म्हणून. गर्दी नसती तर वेषांतर करून कुणात मिसळणार? तुझे मित्र ती गर्दी आहेत.

झेंडा लावणारे दिसतात, न लावणारे दिसत नाहीत. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूज मोडणारा स्टक्सनेट हा प्रोग्रॅम २०१० मध्ये उघडकीला आला तो त्याआधी कितीतरी काळ आत काम करून, आणि त्यानं कुठल्या पडद्यावर घोषणा लिहिलेली नव्हती. आपल्याकडचं ताजं उदाहरण: एपीटी-३६ किंवा 'ट्रान्स्परंट ट्राइब' या पाकिस्तानशी जोडल्या जाणाऱ्या गटानं पहलगामनंतर काही दिवसांतच त्याच हल्ल्याच्या नावाच्या पीडीएफ आणि पॉवरपॉइंट फायली सरकारी आणि संरक्षण खात्यांतल्या लोकांकडे पाठवायला सुरुवात केली. सोबत जम्मू-काश्मीर पोलीस आणि हवाई दलाच्या नावांशी मिळतेजुळते खोटे पत्ते. एकीकडे फाइल उघडणाऱ्याचा पासवर्ड चोरायचा, दुसरीकडे 'क्रिमसन रॅट' नावाचा प्रोग्रॅम त्याच्या संगणकात बसवायचा आणि तिथेच मुक्काम करून कागदपत्रं बघत राहायचं. त्याच आठवड्यात आयटी विभागातला एकुलता एक माणूस रंगवलेली साइट पूर्ववत करण्यात गुंतलेला असेल तर ती ईमेल कोण तपासणार? आमच्या कामात हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. एका कार्यालयात अख्खी रात्र मुख्य पान परत उभं करण्यात गेली, आणि लेखा विभागातला एक संगणक रात्रभर बाहेर डेटा पाठवतोय हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. दोन्ही एकाचंच काम होतं की योगायोग, हे आजही सिद्ध झालेलं नाही. वेळ मात्र फुकट मिळाला, ज्याला हवा होता त्याला.

हातात कसब असेल तर करायला काम भरपूर आहे. सुट्टीत ज्या संस्थेत ओळख आहे तिच्या साइटच्या प्लगइनची यादी रीतसर विचारून घे, जुनी असतील ती बदलून दे, अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही अशी एक ओळ सर्व्हरच्या सेटिंगमध्ये टाक. माझ्या त्या शिक्षणसंस्थेला त्या एका ओळीनं वाचवलं असतं. सरकारी साइटमध्ये भोक दिसलं तर आत न शिरता सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळव. ते दोष नोंदवून घेतात, नाव हवं असेल तर श्रेयही देतात. ग्रुपवर टाळ्या पडणार नाहीत, हे खरं.

राहिलं ते ॲप. जुलै २०२२ मध्ये गुगलच्या तपास पथकानं 'सायबर अझोव्ह' नावाचं एक अँड्रॉइड ॲप उघडं पाडलं. रशियन साइटवर डीडॉस करा, असं सांगून ते युक्रेनच्या बाजूच्या लोकांना वाटलं जात होतं. ते बनवलं होतं टुर्लानं, म्हणजे रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेशी जोडल्या जाणाऱ्या गटानं. साइटवर ते नावाला एक मागणी पाठवायचं. ज्यांनी उत्साहानं टाकलं त्यांची यादी मात्र आयती तयार होत असणार. त्याच वर्षी मार्चमध्ये संगणकासाठीचं असंच एक 'डीडॉस हत्यार' टेलिग्रामवर फिरलं, त्याच्या पोटात पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरणारा प्रोग्रॅम होता. तुमच्या ग्रुपवरच्या फाइलीत काय आहे ते न बघता मी सांगू शकत नाही, पण प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली, बनवणाऱ्याचं नाव नसलेली आणि बसवताना संपर्क, एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीची (पडद्यावरचं सगळं वाचायची) परवानगी मागणारी एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, असेल तर ती वाईट आहे असंच धरून चालायचं.

नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. मित्रांना सांग, फोटो आणि नंबर तेवढे बाजूला काढून घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. त्या फोनवर बँकेचं ॲप असेल तर बँकेला फोन करून कळवा. ईमेल आणि टेलिग्राममधली सगळी चालू सेशन बंद करा. आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. त्याच फोनवरून रीसेटच्या आधी बदलले तर नवे पासवर्डही जिथे जुने गेले तिथेच जातील.